पेटी, लोकल आणि विजेचा षड्ज

ठाण्याहून डोंबिवली म्हणजे लोकलने अर्ध्या तासाच्या आतली वाट. पण आम्हा जुन्या ठाणेकरांच्या बोलण्यात ती अशी येते की, जणू घाट उतरून कोकणात जायचे आहे. 'डोंबिवलीला जाऊन येतो' म्हटले की घरातून पहिला प्रश्न येतो, 'जेवायला घरी, की तिकडेच?' गेल्या दिवाळीच्या आधी पंधरा दिवस मी हे वाक्य उच्चारले, तेव्हा मात्र प्रश्न निराळा आला. 'आणि ही पेटी कुठे निघाली?'

पेटी म्हणजे आमच्या वडिलांची बाजाची पेटी. माझ्या जन्माच्या आधीपासून ती घरात आहे. नौपाड्यातल्या वाड्यात तिला कोनाडा होता. वाडा पाडून इमारत झाली तेव्हा कोनाडा गेला आणि ती कपाटावर चढली. वजन असे की, उचलताना माणसाला आपले वय कळावे. ती खाली उतरवून, पुसून, जुन्या चादरीत बांधून मी दारात उभा होतो. निमंत्रण भाचीचे होते.

"मामा, भाऊबीजेला आईच्या आठवणीचं काहीतरी करायचं आहे," ती फोनवर म्हणाली होती. "पंधरा मिनिटांची एक रचना बांधते आहे. पेटी तू वाजवायचीस. बाकीचे सगळे आवाज मी विजेवर तयार करणार."

विजेवर! हा शब्द ऐकून मी गप्प झालो. ते का, हे सांगायचे तर जरा मागे जायला हवे.

माझी बहीण लग्न होऊन डोंबिवलीला गेली आणि तिने तिथे गाण्याचा क्लास काढला. पूर्वेला, दोन खोल्यांच्या जागेत. सकाळी सहाला पहिली तुकडी, संध्याकाळी शाळा सुटल्यावर दुसरी. रविवारी मी ठाण्याहून पेटी घेऊन जात असे. ती गायची, मुली मागून म्हणायच्या, मी साथ करायचा. अशी कित्येक वर्षे गेली. मग एका रविवारी गेलो, तर कोपऱ्यातला तंबोरा नाहीसा झालेला आणि त्याच्या जागी एक खोके. त्याला खुंट्यांऐवजी बटणे, तारांऐवजी आत कसलेसे सर्किट आणि वर एक लाल दिवा. बटण फिरवले की तंबोरा 'वाजू' लागे. शेजारी दुसरे खोके तबल्याचे.

तिची कारणे साधी होती. दहा बाय बाराच्या खोलीत बारा मुली बसवायच्या, तर तंबोरा आडवा ठेवायचा कुठे? पावसाळ्यात तारा उतरतात. त्या लावण्यात शिकवणीचा पाव तास जातो. तबलजी कल्याणहून यायचे, त्यांना सकाळी सहा कसे जमावे? मी मात्र कलेचा कैवारी! मुलींच्या देखत म्हणालो, "खोक्याच्या साथीला मी वाजवत नाही." ती एवढेच म्हणाली, "बरं, दादा." मी पेटी चादरीत बांधली आणि परत आलो.

भांडण म्हणावे असे काही झाले नाही. दर भाऊबीजेला मी जात होतो, ती ओवाळीत होती, चिवडा-लाडू होत होते. पण दोघांनी मिळून गाणे-वाजवणे त्या दिवशी थांबले, ते थांबलेच. वीस-बावीस वर्षे. आणि मग ती गेली.

आता यातली गंमत अशी की, ज्या पेटीच्या जोरावर मी हा ताठा दाखवला, ती पेटी तरी कुठे आपली होती? १८४२ साली पॅरिसमध्ये देबँ नावाच्या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. तिकडे ती पायाने भाता मारायची. आपल्याकडे ती जमिनीवर बसली, हाताने भाता मारू लागली आणि भजनात, कीर्तनात, संगीत नाटकात शिरली. महाराष्ट्राने तिला पोटाशी धरले. पण आकाशवाणीने १९४० साली तिला दाराबाहेर काढले. तिच्यातून मींड निघत नाही, तिचे स्वर ठाशीव, आपल्या श्रुतींना ती पारखी, असे आरोप होते. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडले. म्हणजे तीस वर्षे लोक पेटीलाही 'खोके'च म्हणत होते. वडील हे सारे रंगवून सांगत आणि संतापत. त्यांच्याच मुलाने पुढे तंबोऱ्याच्या खोक्यावर तोच खटला भरला!

असो. पेटी घेऊन मी रिक्षाने स्टेशनवर आलो.

ठाणे स्टेशनात उभे राहिले की मला नेहमी वाटते, या गावाला रेल्वेचा आवाज ऐकून जितकी वर्षे झाली, तितकी हिंदुस्थानात दुसऱ्या फार थोड्या गावांना झाली असतील. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी एकवीस मैल धावून इथेच थांबली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोचले. तेव्हा वाफ होती. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि पुढे वीज आमच्याही दारावरून गेली. वाफेच्या गाडीला ताल होता. आजोबा तो जिभेने वाजवून दाखवीत. विजेच्या गाडीला काय आहे, हे मी कधी ऐकलेच नव्हते.

भाची मला न्यायला ठाण्यालाच आली होती. तिच्या हातात मुठीएवढे ध्वनिमुद्रण यंत्र होते आणि कानात बोंडे. माणसांच्या त्या लोंढ्यात ती देवळात उभे राहावे तशी डोळे मिटून उभी. "मामा, गाडी सुटताना ऐक," ती म्हणाली. समोरची लोकल सुटली. खालून एक सूर निघाला, चढला, मोडला, पुन्हा खालून निघून आणखी वर चढला. एखाद्या नवशिक्याने पलटे घोकावे तसे! नव्या गाड्यांत मोटारीला मिळणाऱ्या विजेची लय टप्प्याटप्प्याने वाढवीत नेतात, म्हणून हा आवाज असा चढत जातो, असे तिने सांगितले. पंचाहत्तरीला आलेल्या मला, आयुष्यभर रोज लोकलने कचेरीला गेलेल्या मला, हे त्या दिवशी प्रथम ऐकू आले.

दुपारची वेळ म्हणून बसायला मिळाले. पेटी मांडीवर. कळवा गेले, एका अंगाला पारसिकचा डोंगर आला, दुसऱ्या अंगाला खाडी उघडली. भरतीचे पाणी तिवरांच्या मुळांशी आले होते. मुंब्रादेवीचे देऊळ वर डोंगरात पांढरे दिसत होते. आमच्या लहानपणी जलद गाडी पारसिकच्या बोगद्यातून जाई. १९१६ साली उघडलेला हा बोगदा सव्वा किलोमीटरहून लांब. आत शिरताच कानाला दडे बसत, डब्यातली पोरे हटकून ओरडत आणि ओरडणे फुकट जाई, कारण भिंतीवरून परत येणारा गडगडाट सर्वांना गिळून टाकी. २०२२ साली पाचवी-सहावी लाइन सुरू झाली, तेव्हा बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला आणि लोकल बाहेरून धावू लागल्या. भाचीला हा गडगडाट हवा होता. तेवढ्यासाठी ती एका एक्सप्रेसने ठाण्याहून कल्याणला जाऊन आली होती.

"आईला तो बोगदा आवडायचा," ती म्हणाली. "तुम्ही दोघं लहानपणी आत 'सा' लावायचात म्हणे. बाहेर येईपर्यंत कुणाचा टिकतो ते बघायला."

मी खाडीकडे बघत राहिलो. हे मी विसरलो होतो. नेहमी तीच जिंकत असे.

दिवा, कोपर, डोंबिवली. जिना, पूल, पुन्हा जिना. पेटीचे एक टोक तिने धरले, एक मी. फडके रोडला कंदिलांची दुकाने लागली होती. डोंबिवलीची दिवाळी या रस्त्यावर उजाडते. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान आटोपून नवे कपडे घातलेली सारी तरुण मंडळी गणेश मंदिराकडे निघतात. देवदर्शन हे निमित्त, एकमेकांचे दर्शन हे मुख्य. आमच्या ठाण्यात तलावपाळीला हाच सोहळा होतो आणि कुठला आधीचा, यावर दोन्ही गावांत वाद आहे. पण त्या दुपारी रस्ता आपला रोजच्यासारखा होता. भाजी, फराळाच्या ऑर्डरी, उटणे, रिक्षांची रांग. भाचीचे यंत्र चालूच होते. "काय टिपतेस?" मी विचारले. "काय गाळायचं ते घरी ठरवीन," ती म्हणाली.

घर तेच. क्लासची खोली तीच. भिंतीशी सतरंज्यांची वळकटी, कोपऱ्यात ती दोन खोकी, लाल दिवे विझलेले. मात्र टेबलावर आता संगणक होता आणि दोन काळे स्पीकर. तिने मला चहा दिला आणि मग मला समजेल अशा बेताने आपले शास्त्र सांगितले.

हा उद्योग आजकालचा आहे, हा माझा समज तिने पहिल्या घोटालाच खोडून काढला. १९४८ साली पॅरिसमध्ये, म्हणजे पेटी जन्मली त्याच गावात, रेडिओत काम करणारा पिएर शेफेर नावाचा एक इंजिनीअर यंत्र घेऊन बातिन्योलच्या रेल्वे स्टेशनात गेला. इंजिनांचे फुत्कार, शिट्ट्या, चाकांचा खडखडाट त्याने मुद्रित केला, त्याचे तुकडे उलटेसुलटे लावून रचना केली आणि ती रेडिओवरून वाजवली. चार वर्षांनी इटलीच्या ब्रूनो मादेर्ना याने पुढचे पाऊल टाकले. व्यासपीठावर जिवंत माणूस बासरी वाजवतो आहे आणि त्याच्याबरोबर ध्वनिफितीतले विजेचे आवाज. पुढे मारियो दाविदोव्स्की या अर्जेंटिनात जन्मलेल्या संगीतकाराने अमेरिकेत अशा रचनांची मालिकाच लिहिली आणि तीमधल्या सहाव्या रचनेला १९७१ सालचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

"आणि आपल्याकडे?" मी विचारले.

"आपल्याकडे तर तू लहानपणापासून ऐकतो आहेस! 'नागिन'मधली पुंगी आठवते?"

आठवते म्हणजे काय! १९५४ सालचा तो चित्रपट घरोघर पोचला होता. ती पुंगी वाजली की माणसे थिएटरात डोलत. ती पुंगी नव्हतीच. फ्रान्समधून आलेले क्लॅव्हियोलिन नावाचे विजेचे वाद्य, वाजवणारे कल्याणजी, आणि सोबत हार्मोनियमवर रवी. दोघेही पुढे मोठे संगीत दिग्दर्शक झाले. म्हणजे वीज आणि पेटी यांचे लग्न मुंबईतच लागले होते आणि आम्ही वऱ्हाडी म्हणून टाळ्याही वाजवल्या होत्या. फक्त नवरी कोण हे ठाऊक नव्हते. १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर या अमेरिकनाने मूग सिंथेसायझर आणून स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाई आणि आणखी काही मंडळींनी तिथे स्वतःच्या रचना केल्या. १९८२ साली मुंबईच्या चरणजितसिंगांनी दहा राग विजेच्या वाद्यांवर बसवून तबकडी काढली. ती त्या वेळी कुणी विचारली नाही आणि वीस-पंचवीस वर्षांनी जगभर गाजली.

हे सारे ऐकून माझा ताठा बराच उतरला. "बरं, वाजव तुझं," मी म्हटले.

तिने एक कळ दाबली. पारसिकचा गडगडाट आला. पण हळू, लांबवलेला, समुद्रासारखा. त्यातून लोकलचा चढता सूर निघाला. तो तिने मध्येच पकडून धरला होता, उतरू दिला नव्हता. मग काहीच नाही असे वाटले, आणि त्या काहीच-नाहीत एक बारीक खर्ज गुणगुणत होता.

"हा तंबोरा?"

"हा ट्रान्सफॉर्मर. कोपऱ्यावरच्या डीपीचा."

आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. त्यामुळे ट्रान्सफॉर्मर, पंख्याची मोटर, जुनी ट्यूबलाइट या सर्वांची गुणगुण सेकंदाला शंभर कंपनांची असते. घरोघर, गावोगाव तीच. तुमच्या-माझ्या संसारात रात्रंदिवस एकच षड्ज लागलेला आहे आणि कुणी तो ऐकत नाही! तिने त्याच्यावर रचना उभी केली होती. फक्त विजेचा तो षड्ज आजच्या पट्टीतल्या पांढरी पाचपेक्षा एका अर्धस्वराचा तिसरा हिस्सा चढा पडत होता. तो तिने संगणकात थोडा उतरवून पट्टीत बसवला होता. आईची पट्टी पांढरी पाचच होती ना!

आता माझी पाळी. चादर सोडली, भाता हलवला, पांढरी पाच धरली.

अरे देवा! दोन मांजरे कुंपणावर भांडावीत तसा आवाज झाला. पेटी चढी, तीही ओरडून सांगण्याइतकी चढी. तिने मापून पाहिले. आजच्या पट्टीत पांढरी पाच म्हणजे सेकंदाला ३९२ कंपने. आमच्या वडिलांच्या पेटीत ती ३९९ च्या आसपास निघाली. जुन्या काळी पेट्या कुणी कुठल्या, कुणी कुठल्या सुराला लावीत. जगाने एक पट्टी ठरवली, हे आमच्या पेटीला कुणी कळवलेच नव्हते.

"उतरवून घेऊ," भाची म्हणाली. "कल्याणला एक कारागीर आहेत."

म्हणून दुसऱ्या दिवशी पेटीसह कल्याण. डोंबिवलीहून ठाकुर्ली आणि मग कल्याण. ठाकुर्लीला रेल्वेचे चोळ्याचे वीजघर होते. एके काळी या गाड्यांची वीज तिथून येई. आता ते बंद आहे. कल्याण हे या तिघांतले थोरले गाव. दुर्गाडी किल्ल्याखालच्या खाडीत शिवाजीमहाराजांच्या आरमाराची गलबते बांधली गेली. गाण्याचा षौकही जुना. कल्याण गायन समाजाच्या बैठकी ऐकायला वडील आम्हां दोघांना घेऊन जात आणि परतीच्या गाडीत बहीण माझ्या खांद्यावर झोपून जाई.

कारागिराचे दुकान एका बोळात, जिन्याखाली. चारही भिंतींना उघड्या पेट्या, जणू शस्त्रक्रियेसाठी ताटकळलेले रोगी. म्हाताऱ्याने पेटीचे झाकण काढले, पितळी सूर एकेक करून बोटाने छेडले, डोळ्यांजवळ नेले आणि पुन्हा खाली ठेवले.

सूर उतरवायचा म्हणजे काय, हे त्याने दाखवले. पितळेची ती जीभ टोकाकडे खरवडली तर हलकी होऊन सूर चढतो; बुडाशी खरवडली तर ती लवचीक होते आणि सूर उतरतो. एक-दोन सुरांचे ठीक. पण सबंध पेटी इतकी उतरवायची, तर प्रत्येक जिभेचे बूड खायचे.

"करून देईन," तो म्हणाला. "पैसेही घेईन. पण साहेब, ही एकमेकांत अगदी मिळून बसली आहे. इतकी वर्षं हिला कुणी हात लावलेला नाही. तुमचं ते यंत्र काय पितळेचं आहे? त्याला नाही का चढवता येत?"

आम्ही मामा-भाची एकमेकांकडे पाहत राहिलो. इतकी शिकलेली पोर, पण हे तिला सुचले नव्हते. सुचले नव्हते कारण पट्टी ठरलेली असते असे ती धरून चालली होती. संगणकाला आकडा बदलून सांगितला की तो मुकाट्याने हवा तितका चढतो. ताठरपणा पितळेला आणि माणसाला. त्याने पैसे घेतले नाहीत; भात्याला कापडाची एक चिंधी मात्र चिकटवून दिली.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. भाचीने आकडा बदलला. मग तिला काय वाटले कोण जाणे, उठून तिने कोपऱ्यातले तंबोऱ्याचे खोके चालू केले. लाल दिवा लागला.

"याचीही एक गंमत आहे," ती म्हणाली. "आईने हा नेहमी असाच चढा ठेवलेला. बघ, बटणापाशी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. कुणी मुलीने हलवलं तर पुन्हा त्याच ठिपक्यावर आणायची. परीक्षेला गेल्यावर मुली म्हणायच्या, 'बाई, तिथली पेटी उतरी होती!' मला वाटायचं, पंख्याच्या गुणगुणीशी भांडण नको म्हणून आईने याला पंख्याशी मिळवून घेतलं असणार. आकडाही तसाच येतो, चारशेच्या जवळपास. शंभराचा चौपट."

मी भाता हलवला आणि पांढरी पाच धरली.

खोके आणि पेटी एक झाली. डोळे मिटले असते, तर कुठले कुठून येते आहे, हे सांगता आले नसते. वर पंखा फिरत होता. त्याच्या गुणगुणीशी पेटीचा एक अगदी सावकाश हेलकावा पडत होता, सेकंदाला एक. चांगल्या जवारीच्या तंबोऱ्यात पडतो तसा.

भाचीने खोक्याकडे पाहिले, मग पेटीकडे. "म्हणजे पंख्याला नाही लावलेलं," ती हळूच म्हणाली.

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे होते काय? मी परत येईन म्हणून वीस-बावीस वर्षे तिने बटण त्या ठिपक्यावरून हलू दिले नव्हते. आणि मी दर भाऊबीजेला त्या खोक्यापासून चार हातांवर बसून चिवडा खाऊन परत येत होतो. एकदाही 'चालू कर बघू' म्हणालो नाही.

पुढचे दहा दिवस मी रोज डोंबिवलीला जात होतो. विजेबरोबर वाजवणे सोपे नाही, हे मला तेव्हा कळले. ध्वनिफीत कुणासाठी थांबत नाही. गाणारा श्वास घेतो, साथीदार त्याच्याकडे पाहतो. फितीला ना श्वास, ना डोळे. भाचीने आधी माझ्या कानात ठोके देऊन पाहिले. मी ते बोंड काढून ठेवले. मग तिने रचनेचे सात तुकडे केले. मी एक भाग संपवून भाता सोडला की ती पुढचा तुकडा सोडणार. म्हणजे वीज माझ्या मागून येणार. मधल्या एका भागात तर यंत्र माझाच सूर पकडी, ताणी आणि तीन-चार सेकंदांनी परत देई. आपण काय वाजवले ते आपल्यालाच परत ऐकून पुढचे ठरवायचे. पहिल्या दिवशी मी लाजलो. नको तितके वाजवणाऱ्याला ही चांगली शिक्षा आहे. पाचव्या दिवसापर्यंत माझे निम्मे स्वर आपोआप गळून गेले.

शेवटचा, सातवा भाग तिने मला आधी ऐकवला नाही. "तिथे तुला कळेल कधी धरायचं ते," एवढेच म्हणाली.

भाऊबीजेच्या संध्याकाळी क्लासच्या खोलीत सतरंज्या घातल्या. बहिणीच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या होत्या. कुणी आपल्या मुलींना घेऊन. शेजारपाजारचे मिळून चाळीस माणसे. बाहेर फटाके चालूच होते, ते थांबवणे आमच्या हाती नव्हते. भाचीने मला ओवाळले. हा रिवाज नव्हे. पण तबकात आईचीच निरांजने होती आणि मी नको म्हटले नाही.

बोगदा आला, खाडीवरून धावणारी लोकल आली, डीपीचा खर्ज लागला. मी पेटी धरली. सहा भाग झाले. मी भाता सोडला.

सातव्यात प्रथम एका जुन्या कॅसेटची खरखर आली. मग हीच खोली, मुलींच्या बांगड्या, लांबून कुकरची शिट्टी, त्याहून लांबून लोकलचा भोंगा. कुण्या तुकडीचे मुद्रण एखाद्या मुलीने घरी घोकायला म्हणून केले असेल, त्यातले हे. बहिणीने काही गायले नाही. भाचीने ते ठेवलेच नव्हते. गाण्याच्या आधी ती घेई तो श्वास फक्त आला. मी वर्षानुवर्षे त्या श्वासावर पेटी धरत आलो होतो. हाताने माझी वाट पाहिली नाही. सूर लागून गेला होता.

पुढे दोन मिनिटे मी एकटा वाजवत होतो. खाली खोक्याचा तंबोरा. तो भाचीने केव्हा चालू केला, कळले नाही.

टाळ्या पडल्या की नाही, ते आठवत नाही. मागे बसलेल्या एका आजींनी शेजारणीला विचारले ते मात्र ऐकू आले : "गाणं कधी सुरू होणार?" भाची खळखळून हसली, मीही हसलो आणि फराळाची ताटे फिरू लागली.

रात्रीच्या गाडीने परतलो. मांडीवर पेटी, पायाशी पिशवीत ते खोके. भाचीने आपणहून दिले. दिव्यानंतर डोंगर आला. बोगद्याच्या बाजूने नव्हे, बाहेरून, खाडीच्या कडेने. गाडीत गर्दी नव्हती. मी हलकेच 'सा' लावून पाहिला. मुंब्र्यापर्यंत टिकला, मग श्वास संपला.

आता रोज सकाळी सहाला मी खोके चालू करतो. ठिपक्यावरून बटण हलवीत नाही. घरची मंडळी म्हणतात, 'अहो, इतकं चढं कशाला लावता?' मी वरच्या पंख्याकडे बोट दाखवतो.